तीन महिन्यांच्या लेकराएवढी पिशवी

हिंगोलीत कॉलेजला नाव घातलं, त्या दिवशी वडील मला खोली दाखवायला घेऊन गेले. घरमालकीणबाईंनी भाडं, पाणी, लाईट यातलं काही बोलायच्या आधी माझी बॅग वजनकाट्याला टांगली.

खरंच टांगली. ओट्यावरच्या पत्र्याला आधार द्यायला एक लोखंडी पाइप होता, त्याला तो काटा कायमचा अडकवलेला असायचा. घड्याळासारखी गोल तबकडी, मधे लाल सुई, खाली ओझं अडकवायचा आकडा. अंगणवाडीत लहान लेकरांना झोळीत घालून वजन करतात, तोच. सुई सतरावर जाऊन थांबली. त्यांनी चष्मा वर केला आणि मला म्हणाल्या, "पाच वर्साचं पोरगं पाठीवर घेऊन आलीस की गं."

मग वडिलांकडे वळल्या. "भाऊ, पोरगी शिकायला आणली का नांदायला?"

वडील शहरातल्या कुणाशी बोलताना आधी टोपी सारखी करतात. त्यांनी टोपी सारखी केली आणि हळूच म्हणाले की तिच्या आईनं भरलंय. आत दोन गोधड्या होत्या, लोणच्याची चिनी मातीची बरणी होती, पितळेचा गडू होता आणि माझ्या आठवीपासूनच्या वह्या होत्या. वह्या काहून आणल्या, असं त्यांनी विचारलं. लागल्या तर, असं काहीतरी मी बोलले. त्यांनी वह्या परत वडिलांच्या हातात दिल्या. बरणी मात्र ठेवून घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि एक फोड तिथंच खाल्ली.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. त्यामुळे बाहेर राहायला जाताना काय न्यायचं, हे सांगणारंही कुणी नव्हतं. वडील कुठंही जायचे ते खांद्यावर पंचा टाकून. आई माहेरी जायची ती एका धुतलेल्या धोतराच्या फडक्यात गाठोडं बांधून. घरातली पहिली चाकाची बॅग माझ्यासाठी आमच्याकडच्या गोरेगावच्या बाजारातून आणली गेली आणि ती मोठी आहे म्हणून आईनं ती भरली. रिकामी जागा राहिली तर लोक काय म्हणतील, असं तिला वाटत होतं. हे सगळं मी त्या दिवशी त्या बाईंना सांगू शकले नाही. पुढे तीन वर्षं त्यांच्याकडे राहिले तेव्हा त्यांना ते न सांगताच कळलं असावं.

सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. मीही म्हणायचे. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी वेगवेगळ्या गावच्या उपकेंद्रांवर नर्स म्हणून काढली होती. लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. यापलीकडे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सरकारनं वजनाची नवी मशिनं दिली तेव्हा जुना काटा भंगारात निघाला होता. तो त्यांनी अर्ज करून मागून घेतला होता. त्या अर्जाची पोच त्यांनी जपून ठेवलेली होती. कुणी काटा कुठून आणला असं विचारलं की आधी ती पोच दाखवायच्या.

नोकरी सुटली तरी त्यांचा हिशेब लेकरांचाच राहिला. बाजारातून पाच किलोचं पीठ आणलं तर ते तीन महिन्याचं लेकरू. गॅसची भरलेली टाकी म्हणजे चौथीतलं पोरगं. प्रवासाची पिशवी तर त्या दुसऱ्या कुठल्या मापात मोजायच्याच नाहीत. नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे दिवस आले की गल्लीतल्या बायका आपापल्या पिशव्या घेऊन ओट्यावर यायच्या. काट्याला पिशवी अडकवायच्या आधी सिस्टर दरवेळी रिकाम्या सुईकडे बोट करून मोठ्यानं म्हणायच्या, "शून्य बघा. आधी शून्य. सुई शून्यावर नसंल तर लेकरू उगं गुटगुटीत दिसतंय नाही तर उगं रोडकं." मग पिशवी. एका शेजारणीची पिशवी अकरा किलो भरली. सिस्टरनी हात घालून आतले तीन शर्ट आणि एक जाड स्वेटर बाहेर काढला आणि तिला म्हणाल्या, "नवरा संगंच येऊन राहिला ना? मग त्याचं वजन तू काहून उचलतीस?" ती शेजारीण लाजली. नवरा दारात उभा होता, तोही हसला. पण स्वेटर त्यालाच हातात घेऊन जावा लागला.

त्यांचा स्वतःचा नियम एकच होता. पिशवी आपल्या हातानं डोक्याच्या वर गेली पाहिजे. बसमध्ये वरच्या फळीवर किंवा जीपच्या टपावर. दुसऱ्यानं उचलून दिलेली पिशवी त्यांना चालायची नाही. बसस्टँडवर कुणी मदतीला हात पुढे केला की त्या पिशवी छातीशी धरायच्या आणि त्या माणसाकडे अशा बघायच्या की तो ओशाळून मागे व्हायचा. मला आधी हा हट्ट वाटायचा.

दर महिन्याच्या एक तारखेला, कुठं जायचं नसलं तरी, त्या पिशवी भरायच्या, ओट्यावर उभ्या राहायच्या आणि दोन्ही हातांनी ती डोक्यावर नेऊन तीनदा श्वास घेईपर्यंत धरायच्या. हात थरथरले की त्यातलं काहीतरी काढायच्या आणि पुन्हा उचलायच्या. जे वजन जमलं ते त्या महिन्याचं. कोपऱ्यातल्या भिंतीवर त्यांनी खडूनं नव्हे, चांगल्या पेनानं ते आकडे लिहून ठेवलेले होते. मी गेले तेव्हा सर्वांत खालचा आकडा साडेसहा होता. मी दुसऱ्या वर्षाला गेले तेव्हा तो पाचवर आला आणि तिथं त्यांनी खाली एक आडवी रेघ मारली. पाचाच्या वर गेलं तर जायचं नाही, असं त्यांनी मला सांगितलं. मी हसले होते, हे आता आठवलं की बरं वाटत नाही.

तुरीची डाळ निवडत बसलं की त्या जुन्या पिशव्यांबद्दल सांगायच्या. दुसरी माणसं जुन्या दिवसांबद्दल सांगतात, त्या पिशव्यांबद्दल सांगायच्या. पहिल्या नोकरीवर जाताना पत्र्याची पेटी होती. तिच्यात चार साड्या, पावडरचा डबा आणि हाताएवढा आरसा. तेव्हा आपण कशा दिसू याचंच सामान जास्त असायचं, असं त्या म्हणाल्या. पुढे कामावर पिशवी निम्मी दुसऱ्यांची झाली. बाळंतिणीसाठी धुतलेलं जुनं मऊ कापड, टॉर्च, साबण, बिस्किटाचे पुडे. तेव्हा पंधरा-सोळा किलो घेऊन त्या शेताच्या बांधानं चार-चार किलोमीटर चालायच्या. मग साखरेची गोळी आली, पुढे इन्सुलिन आलं, ते थंड राहावं म्हणून काचेचा थर्मास आला. प्लास्टिकच्या थर्मासवर त्यांचा विश्वास नव्हता. गुडघ्याचा पट्टा, शेकायची रबरी पिशवी, दोन चष्मे, कारण एक हरवतो. दवाखान्याची फाइल, कारण ती नसली तर नवा डॉक्टर सगळं पहिल्यापासून तपासतो.

"वय वाढलं की लागतंय जास्त आन् उचलतंय कमी," त्या डाळीतला खडा बाजूला टाकत म्हणाल्या. "मधी माणूस सापडतंय."

मी वीस वर्षांची होते. मला ते कळलं, पण लांबून कळलं. माझी स्वतःची बॅग तेव्हा दर सुट्टीला हलकी होत होती. घरी जाताना मी आता दोन ड्रेस आणि एक पुस्तक न्यायचे. आईला वाटायचं की मी परत जायच्या घाईनं आलेय. एकदा ती म्हणाली, एवढीच पिशवी? राहायची न्हाईस का? मला हे सिस्टरना सांगावंसं वाटलं होतं, पण राहून गेलं.

दुसऱ्यानं उचललेली पिशवी काहून नको, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. मीच विचारलं होतं, आणि विचारल्यावर मला वाटलं की विचारायला नको होतं. तेव्हा त्या कनेरगाव नाक्याच्या पलीकडच्या एका उपकेंद्रावर होत्या. आई जास्त आजारी आहे असा निरोप आला. त्यांनी पेटी भरली, कारण आठ दिवस राहावं लागेल असं वाटलं. आईचं काही करायचं झालं तर कापड लागेल, भांडं लागेल, म्हणून सगळं घेतलं. पेटी नाक्यापर्यंत एका बैलगाडीनं आली. नाक्यावर हिंगोलीची जीप उभी होती, पण भरलेली, पेटी टपावर टाकावी लागणार होती. ड्रायव्हर म्हणाला, उचलून द्या वर. त्यांना ती एकटीनं उचलता आली नाही. समोरच्या धाब्यावर दोन माणसं जेवत होती, त्यांना त्यांनी आवाज दिला. ती हात धुऊन येईपर्यंत जीप गेली. पुढची गाडी दीड तासानं मिळाली.

"पेटी नाक्यावर टाकून जीपमधी बसता आलं असतं," त्या म्हणाल्या. "पण ते डोक्यातच आलं न्हाई. पेटीत आईसाठीच समदं घेतलं व्हतं ना."

त्या पोचल्या तेव्हा आईला नेलं होतं. धाकटी बहीण दारात बसलेली होती. ती म्हणाली, आई सारखी दाराकडं बघत होती. या बहिणीचं लग्न पुढे शिरड शहापूरला झालं. त्यानंतर दरवर्षी दिवाळी झाली की सिस्टर आठ दिवस तिच्याकडे जायच्या. ती त्यांची वर्षातली एकमेव सहल. बाकीचं वर्ष महिन्याच्या एक तारखेला पिशवी उचलून बघणं, हे त्या एका जाण्यासाठीच होतं, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

माझ्या शेवटच्या वर्षाच्या दिवाळीनंतर बहिणीच्या मुलाचा फोन आला. तो शेती करतो, त्या दिवसांत त्याची हळद रानात उभी होती. आईनं अंथरूण धरलंय, अन्न जात नाही, मावशीचं नाव घेतेय, असं तो म्हणाला. सिस्टर फोन ठेवून लगेच पिशवी भरायला बसल्या. हिरव्या रेक्झीनची जुनी पिशवी, जिची एक मूठ सुतळीनं शिवलेली होती.

मी ओट्यावर काटा धरून उभी राहिले. शून्य पाहिलं. पिशवी लावली. सहा किलो आठशे.

त्यांनी एक साडी काढली. मग टॉवेल काढला, तिथं मिळेल म्हणाल्या. साबणाची वडी सुरीनं निम्मी कापली. फाइलमधले जुने कागद काढून फक्त शेवटची चिठ्ठी ठेवली. शेकायची पिशवी काढली, मग गुडघा चोळत थोडा वेळ बसल्या आणि परत ठेवली. दुसरा चष्मा काढला. शेवटी सहा किलो दोनशे झालं आणि तिथं अडलं. थर्मास, औषधं, पट्टा, दोन साड्या आणि बहिणीसाठी घेतलेली मऊ चादर. चादर काढा, असं मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

मी म्हणाले, मी संग येते. पण माझी परीक्षा दोन दिवसांवर होती आणि त्यांना ते माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं. "तुझी परीक्षा माझ्या पिशवीत नको कोंबू," असं त्या म्हणाल्या. भाच्याला न्यायला बोलवा म्हटलं, तर त्याला आईजवळून उठवायचं नाही म्हणाल्या. मी म्हणाले, कंडक्टर उचलून देईल, कुणीही देईल, आता काय तो काळ राहिलाय का. त्यांनी पिशवी उचलून पाहिली. ती खांद्यापर्यंत गेली आणि तिथून परत आली. मग त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढून जागच्या जागी ठेवली. भाच्याला फोन लावून सांगितलं की या वर्षी जमत नाही.

दोन दिवस त्या ओट्यावर बसून होत्या. माझा पहिला पेपर झाला, तो कसा गेला हेही त्यांनी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी भाच्याचा पुन्हा फोन आला. त्या न्हाणीत होत्या, म्हणून मी उचलला. तो म्हणाला, मावशीला सांगा, आई दाराकडं बघतेय.

मी त्यांना ते तसंच सांगितलं. सांगताना मला त्या शब्दांचं वजन माहीत होतं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या की उद्या परत भरून बघू.

दुपारी त्या झोपल्या होत्या. काट्याच्या वर, पाइपाला अडकवलेल्या कडीच्या बाजूला, सुई शून्यावर आणायचा एक छोटा स्क्रू असतो. त्यांनीच मला तो दाखवला होता. मी स्टुलावर चढले आणि तो फिरवला. रिकामी सुई शून्याच्या अलीकडे, एक किलो तीनशे मागे जाऊन उभी राहिली. मी हे का केलं, याची मी पुष्कळ उत्तरं स्वतःला दिली आहेत. त्या वेळी मला एवढंच वाटलं की फळीवर पिशवी टाकायची वेळच येणार नाही, त्या सीटखाली ठेवतील, आणि एक किलोनं काय होतं. मी उपकेंद्रावर कधी काम केलेलं नव्हतं. एक किलोनं काय होतं, हे मला माहीत नव्हतं.

सकाळी मी त्यांच्या आधी तयार झाले. त्या आत केस बांधत होत्या तोवर मी त्यांनीच पहाटे भरलेली पिशवी काट्याला लावून ठेवली, म्हणजे सुई रिकामी दिसू नये. त्या बाहेर आल्या. चष्मा लावून तबकडीसमोर उभ्या राहिल्या. चार किलो नऊशे.

त्यांनी तबकडीवरची नजर न काढता विचारलं, "शून्य पाहिलं का?"

मी म्हणाले, "व्हय."

त्यांनी पिशवी काट्यावरून काढली. ती त्यांनी डोक्यावर नेली. कशी नेली ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी खाली बघत होते. पण नेली. मग खाली ठेवून धापा टाकत म्हणाल्या, "आज लेकरू अंगावर जड झालंय." आणि हसल्या. रिक्षा आली. मी हात पुढे केला, तर त्यांनी पिशवी छातीशी धरली. रिक्षा वळणावर गेल्यावर मी धावत जाऊन स्टुलावर चढले आणि स्क्रू परत फिरवला. सुई शून्यावर आली.

दुपारी भाच्याचा फोन आला. शिरडला उतरताना बसच्या पायरीवरून पडल्या. पिशवी एका हातात होती, दुसरा हात दांडीला. पिशवीनं त्या हाताला खाली ओढलं. कंडक्टरनं मागून पिशवी मागितली होती, त्यांनी दिली नाही. खुब्याचं हाड मोडलं.

पुढचं मी भाच्याकडून ऐकलं. नांदेडला न्यायची गाडी यायला तीन-चार तास लागणार होते. चौघांनी त्यांना बाजेवर घालून घरी आणलं आणि बहिणीच्या बाजेला बाज लावली, कारण घरात दुसरी जागा नव्हती. एकीला उठता येत नव्हतं आणि दुसरीलाही. बहिणीनं मान वळवून विचारलं, आक्का, तू काहून झोपलीस? सिस्टर म्हणाल्या, दमले गं. मग त्यांनी भाच्याला पिशवीतली मऊ चादर काढायला लावली आणि ती दोन्ही बाजांवर मिळून आडवी टाकायला सांगितली. गाडी येईपर्यंत दोघींनी एकमेकींचा हात सोडला नाही. थर्मास फुटला होता.

बहीण महिन्याच्या आत गेली. सिस्टर तेव्हा नांदेडच्या दवाखान्यात होत्या. त्यांना नेता आलं नाही.

त्यानंतर सहा-सात महिने त्या हिंगोलीच्या घरी पलंगावर होत्या. एक बाई दिवसभर यायची, सकाळ-संध्याकाळ मी असायचे. वजनकाटा तिथंच पाइपाला लटकत होता. वारा आला की खालचा रिकामा आकडा हलायचा. मी रोज ठरवायचे की आज सांगायचं. त्यांना पाणी पाजताना, पाठ पुसताना, केस विंचरताना शब्द ओठांवर यायचे. मी सांगितलं नाही. माझ्या आईलाही नाही. ती एकदा भेटायला आली होती तेव्हा सिस्टर तिला म्हणाल्या, तुमच्या लेकीनं लई केलं. आईला फार बरं वाटलं. मी भांडी घासायला मागे गेले.

मग भाचा म्हणाला की इथं एकटं ठेवणं बरं नाही, शिरडला नेतो. घर बंद करायचं ठरलं. माझा निकाल लागला होता, मलाही पुढे शिकायला जायचं होतं. न्यायच्या दिवशी सकाळी सिस्टर मला म्हणाल्या की पिशवी भर, मी सांगते.

दोन गाऊन. चष्मा. कंगवा. पंचा. औषधं भाच्याकडे. दवाखान्याची फाइल नको म्हणाल्या. आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातली पांढरी साडी, ती तळाशी घालायला सांगितली. ती कशासाठी, हे मला विचारावं लागलं नाही. पलंग दाराशी ओढलेला होता, तिथून ओटा दिसायचा. त्या म्हणाल्या, काट्याला लाव.

मी पिशवी घेऊन काट्याखाली उभी राहिले. हात पुढे जाईना.

"शून्य बघ आधी," त्या आतून म्हणाल्या.

मी पाहिलं. सुई शून्यावर होती. मी म्हणाले, शून्यावर आहे. आणि मी तिथंच रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "त्या दिशी न्हवती."

मी मागे वळून पाहिलं.

"सकाळी पाणी भराय उठले तवा दिसली व्हती. शून्याच्या अलीकडं हुबी. तीस वर्सं सुई बघितली मी, पोरी."

मी विचारलं, मग मला काहून विचारलं, शून्य पाहिलं का म्हणून?

"तू न्हाई म्हणली असतीस तर घरी बसावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "व्हय म्हणलीस, बरं झालं. मला जायचं व्हतं."

हे खरं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. घाबरलेल्या बायकांच्या उशाशी बसून, सगळं बराबर होईल, काही तकलीफ होणार नाही, असं त्यांनी आयुष्यभर सांगितलं होतं. त्यातलं किती खरं ठरायचं, हे त्यांना माहीत असायचं, तरी त्या त्याच आवाजात सांगायच्या. त्या सकाळीही आवाज तोच होता. त्या वारल्या त्याला आता वर्ष होत आलं. काटा माझ्या होस्टेलच्या खोलीत आहे, त्याच्या अर्जाची पोचही माझ्याकडे आहे, पण ही गोष्ट त्या पोचेसारखी कुणाला दाखवता येत नाही.

मी पिशवी लावली आणि आकडा मोठ्यानं वाचला. दोन किलो दोनशे.

गाडी दाराशी आली. भाच्यानं आणि आणखी दोघांनी त्यांना चादरीसकट उचलून मागच्या सीटवर निजवलं. भाचा पिशवी घ्यायला आला. त्यानं ती दोन बोटांनी उचलली आणि मागं डिकीत ठेवायला निघाला. सिस्टरनी हात वर केला. मला वाटलं त्या रागावणार. पण त्यांनी नुसता हात पसरला आणि पिशवी मागितली. त्यानं ती त्यांच्या छातीवर ठेवली. त्यांनी दोन्ही हात तिच्याभोवती घातले, तळाखालून, जसं डोकं न सावरणाऱ्या जिवाला धरतात तसं.

"कमी वजनाचं हाय," त्या त्याला म्हणाल्या. "असं लेकरू लांब ठेवायचं नसतंय. अंगाशी धरायचं."